प्रायॉरिटी डेट २०१६, मुलगी चौदा वर्षांची: थांबावं की निघावं?

अमेरिकेत ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ३९ वर्षांचा. २०१३ पासून एच-१बीवर, सध्या डॅलसजवळ राहतो. ईबी-२, प्रायॉरिटी डेट मार्च २०१६, आय-१४० मंजूर. बायको ३७ वर्षांची, एच-४ ईएडीवर नोकरी करते. मुलगी १४, पुण्यात जन्मलेली. मुलगा ६, इथे जन्मलेला. वडील साताऱ्यात एकटे असतात. माझा व्हिसा स्टॅम्प ऑगस्टपर्यंत आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी की सरळ परत? एक मित्र म्हणतो एनआयडब्ल्यू टाक. नंबर लागणार तरी कधी?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात छोटं आहे: सांगता येत नाही. गेली बावीस वर्षं मी न्यू जर्सीत याच फायली हाताळते आहे आणि 'अमुक वर्षी लागेल' असं छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा, असंच प्रत्येकाला सांगत आले आहे. पण का सांगता येत नाही हे एकदा कळलं की बाकीचं बरंच सोपं होतं. पत्रातले शब्द आधी उलगडते: एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, एच-४ त्याच्या बायकोमुलांचा, आणि ईएडी म्हणजे काम करण्याचा परवाना. आय-१४० हा ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, ईबी-२ ही नोकरीच्या ग्रीन कार्डांमधली दुसरी श्रेणी, आणि प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख.

१९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठरवली. त्यात बायकामुलंही मोजली जातात, म्हणजे तुमच्या घरातून मुलगा सोडून तीन नंबर जाणार. ईबी-२ च्या वाट्याला २८.६ टक्के, साधारण ४०,०००. एका देशात जन्मलेल्यांना त्यातले सात टक्के, म्हणजे सुमारे २,८००. आइसलँडलाही तेवढेच आणि भारतालाही तेवढेच. बाकीच्या देशांनी वापरले नाहीत ते नंबर रांगेतल्या सगळ्यात जुन्या अर्जदारांकडे येतात. भारताची डेट, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला ती तारीख, जेव्हा जोरात पळते तेव्हा ती या उरल्यासुरल्यावर पळत असते. आणि किती उरणार हे वर्ष संपत आल्याशिवाय खुद्द स्टेट डिपार्टमेंटलाही नीट कळत नाही.

२०२२ आठवा. कोविडमुळे कुटुंबाच्या कोट्यातले नंबर वापरलेच गेले नव्हते, ते नोकरीच्या कोट्यात आले आणि त्या वर्षीची मर्यादा १,४०,००० च्या जवळपास दुप्पट झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये ईबी-२ भारत १ डिसेंबर २०१४ वर पोचली होती. २०१५ वाले मला फोन करून विचारत होते, मेडिकल करून ठेवू का? स्टेट डिपार्टमेंटच्या डिसेंबरच्या मासिक बुलेटिनमध्ये तीच डेट ८ ऑक्टोबर २०११ वर आली. तीन महिन्यांत तीन वर्षं मागे. ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे नवं आर्थिक वर्ष उघडताना, ती १ एप्रिल २०१३ वर होती. ही डेट वर्षभर ढिम्म बसते, मग एकदम उडी मारते, मग परत मागे येते. त्यामुळे तुमचा मार्च २०१६ चार वर्षांत येईल किंवा बारा वर्षांत येईल, दोन्ही मला सारखंच शक्य वाटतं.

'१३४ वर्षं' हा आकडाही तुम्ही ऐकला असेल. कॅटो इन्स्टिट्यूटच्या डेव्हिड बियर यांनी २०२३ मध्ये काढलेला हिशेब आहे तो, आणि तो त्या वेळी नव्याने रांगेत लागणाऱ्या भारतीयासाठी होता. तुम्ही २०१६ चे. शिवाय प्रत्यक्षात रांग गळत असते. कुणी परत जातं, कुणी ईबी-१ या वरच्या श्रेणीत उडी मारतं, कुणाची मुलं एकवीसची होऊन आईबापांना स्पॉन्सर करतात, कुणाची एकाच नावावर दोन-तीन आय-१४० पडून असतात. तो आकडा कायदा किती विचित्र आहे हे दाखवायला उत्तम, पण त्यावर स्वतःच्या घराचा निर्णय घेऊ नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात तारीख एकच आहे, मार्च २०१६, आणि तुम्ही सगळा विचार तिच्याभोवती केलाय. मला त्या पत्रात आणखी दोन तारखा दिसतात आणि त्या तुमच्या हातात आहेत: मुलीचा एकविसावा वाढदिवस आणि तुमचा चाळिसावा.

आधी मुलगी. एकविसाव्या वर्षी तिचं एच-४ संपतं आणि तुमच्या ग्रीन कार्डच्या अर्जातलं तिचं नावही. चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट, ज्याला आम्ही सीएसपीए म्हणतो, थोडी सूट देतो: तुमची डेट करंट होईल, म्हणजे तुमचा नंबर लागेल, त्या दिवशीच्या तिच्या वयातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होती तितके दिवस वजा करायचे. इथेच गंमत आहे, कडू गंमत. २०१६ मध्ये १,२२५ डॉलर भरून प्रीमियमने, म्हणजे जलद प्रक्रियेने, पंधरा दिवसांत मंजुरी आणली असेल, तर मुलीच्या वयातून वजा होणार ते तेवढेच दिवस. साध्या मार्गाने सात-आठ महिने लागले असते तर ते सात-आठ महिने आज तिच्या पदरात असते. प्रीमियमचा हा तोटा अर्ज भरताना कुणाच्या ध्यानीमनी नसतो. आता दुरुस्त करता येणार नाही, पण मंजुरीच्या कागदावरच्या दोन्ही तारखा बघा आणि हिशेब आजच मांडा. दुसरं, १५ ऑगस्ट २०२५ पासून हे वय 'फायनल अॅक्शन' तक्त्यावरून, म्हणजे कार्ड प्रत्यक्ष कुणाला देता येतं त्या तक्त्यावरून, गोठतं. मधली अडीच वर्षं ते 'डेट्स फॉर फायलिंग' वरून, म्हणजे अर्ज कधी टाकता येतो त्या तक्त्यावरून, गोठत होतं. म्हणजे फायलिंगची खिडकी उघडली, तुम्ही चौघांची कागदपत्रं घेऊन आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, टाकलात, तरी मुलगी सुरक्षित झाली असं समजू नका.

सात वर्षांत २०१६ येईलही. पण 'येईलही' यावर तिचं कॉलेज लावायचं का? त्या आधीचीही एक गोष्ट बघा. माझ्याकडे आलेल्या एका घरातली सोळा वर्षांची मुलगी आठवते. तिच्या वर्गातली सगळी पोरं उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर नोकऱ्या करायची. हिला करता यायची नाही, कारण एच-४ ची ईएडी जोडीदाराला मिळते, मुलांना नाही. आईवडील तीन वर्षं तिला "अभ्यासाकडे लक्ष दे" एवढंच सांगत राहिले. कॉलेजचे फॉर्म भरताना 'सिटिझनशिप' च्या रकान्यात काय लिहायचं ते विचारायला ती खाली आली, तेव्हा तिला सगळं कळलं. तुमची चौदाची आहे. तिला आत्ता सांगा, आणि निर्णयात घ्या.

आता तुमचा चाळिसावा वाढदिवस. ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट्सच्या तक्त्यात ३३ ते ३९ या वयाला २५ गुण आहेत आणि ४० ते ४४ ला १५. एका रात्रीत दहा गुण जातात, आणि वय मोजलं जातं ते निमंत्रण येईल त्या दिवशीचं. तुमच्या फायलीचा कच्चा हिशेब मी असा मांडते: वयाचे २५, आयईएल्टीएसमध्ये चारही बँड ८ आले तर इंग्रजीचे २०, पदवीचे १५, बाहेरच्या आठ वर्षांच्या अनुभवाचे १५, बायकोने तिची स्किल असेसमेंट करून घेतली तर १०. झाले ८५. राज्याने नॉमिनेट केलं तर आणखी ५. किमान गुण ६५ आहेत, पण तो नुसता उंबरठा आहे, आयटीवाल्यांना निमंत्रणं त्याच्या बरीच वर येतात. ८५ ते ९० वर बोलणी सुरू होऊ शकतात. ७५ वर विसरा. अनुभवाचं मूल्यमापन ऑस्ट्रेलियन कम्प्युटर सोसायटी करते आणि सुरुवातीची काही वर्षं 'तेव्हा तुम्ही शिकत होतात' म्हणून कापते. तुमच्याकडे भारतातली धरून पंधराएक वर्षं आहेत, त्यामुळे कापूनही आठ उरतील. बायकोचं तसं नाही. एच-४ वर ईएडी येईपर्यंत तिला कामच करता आलं नसणार. म्हणून मुख्य अर्जदार तुम्ही व्हा.

ऑस्ट्रेलियाचा तुमच्यासाठीचा मोठा गुण असा की १८९ (स्वतंत्र) किंवा १९० (राज्याने नॉमिनेट केलेला) हा व्हिसा हातात पडतो तोच कायमच्या वास्तव्याचा. तात्पुरता, मग एक्स्टेन्शन, मग रांग, असली भानगड नाही. आणि अवलंबून असलेलं मूल तिथे २३ वर्षांपर्यंत धरलं जातं. तोटा वडिलांच्या बाजूने: आईवडिलांना कायमचं आणणं तिथे फार महाग आहे किंवा फार लांब आहे, मधलं काही नाही. तेव्हा वाढदिवस कधी आहे बघा. वर्षभर हातात असेल तर असेसमेंट आणि इंग्रजीची परीक्षा या महिन्यात सुरू करा. जायचं ठरलं नसेल तरीही. निमंत्रण आलं म्हणजे जायलाच हवं असं नाही, पण चाळीस उलटल्यावर हे दार जवळजवळ बंद होतं.

कॅनडाबद्दल मात्र तुमच्या मित्रमंडळींची माहिती शिळी आहे. २०२१-२२ मध्ये तुमच्यासारख्याला तिथे पायघड्या होत्या. जुलै २०२३ मध्ये एच-१बी वाल्यांसाठी खास ओपन वर्क परमिट काढलं, १०,००० जागा दोन दिवसही टिकल्या नाहीत. माझ्या ओळखीत निम्म्यांनी ते 'असू दे जवळ' म्हणून घेतलं आणि एक दिवसही वापरलं नाही. आज एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ पासून काढून टाकलेत. वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंतच, तिशीत ते दरवर्षी पाचाने घसरतात, चाळिशीनंतर दहाने, आणि ४५ ला शून्य. जोडीदारासह अर्ज केलात तर तुम्हाला वयाचे ५०, बायकोला ६०. म्हणून प्रोफाइल दोन्ही बाजूंनी बनवून बघा, एकदा तुम्ही मुख्य, एकदा ती. हे फुकट आहे आणि तरी लोक करत नाहीत. बहुतेकांचा समज असतो की जास्त पगारवालाच मुख्य अर्जदार.

तरीही तुमची बेरीज साडेचारशेच्या आसपास अडकेल. २०२५ मध्ये कॅनडातल्या अनुभवावर निघालेल्या ड्रॉचे, म्हणजे निमंत्रणांच्या फेऱ्यांचे, कट-ऑफ पाचशेच्या वर होते. खाली उतरला तो फ्रेंचचा ड्रॉ: मार्च २०२५ मध्ये ३७९. त्यामुळे बायको म्हणत असेल की मी फ्रेंच शिकते, तर हसू नका. चारही कौशल्यांत मधली पातळी गाठायला नोकरी सांभाळून दीडेक वर्ष लागतं, पण सध्या कॅनडाचं सगळ्यात रुंद दार तेच आहे. दुसरा मार्ग कंपनीचा. तुमच्या कंपनीचं टोरोंटो किंवा व्हँकुव्हरला ऑफिस असेल तर बदली मागा, तिथे वर्षभर काम केलंत की अनुभवाचे गुण वाढतात. पगार कमी होईल, घरं महाग आहेत, फॅमिली डॉक्टर मिळायला वेळ लागतो. हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, मी परत सांगत नाही.

एक गैरसमज मात्र दर महिन्याला ऐकते: कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की अमेरिकेच्या रांगेत मी कॅनेडियन म्हणून पुढे सरकेन. नाही. रांग जन्मस्थळावर चालते, पासपोर्टवर नाही. टीएन या कॅनडा-मेक्सिकोच्या नागरिकांसाठीच्या कामाच्या व्हिसावर येऊन काम करता येईल, पण त्या व्हिसाला कायम राहण्याचा हेतू चालत नाही, आणि तुमची आय-१४० तर त्या हेतूचा छापील पुरावा आहे.

जन्मस्थळावरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं, तुमच्यासारखंच, नऊ वर्षं रांगेत. मी सवयीप्रमाणे चौघांचे पासपोर्ट टेबलावर मांडले. बायकोच्या पासपोर्टवर जन्मस्थळ: मस्कत. वडील तिथे नोकरीला होते, ही दोन वर्षांची असताना सगळे नाशिकला परतले. ती स्वतःला नाशिकचीच समजायची. कायद्याने जोडीदाराच्या जन्मदेशाचा कोटा दोघांनाही वापरता येतो, आणि ईबी-२ मध्ये उर्वरित जगाची डेट तेव्हा करंट होती. वर्षाच्या आत दोघांची कार्डं आली. त्यांच्या कंपनीच्या लॉयरने नऊ वर्षांत प्रत्येक एक्स्टेन्शनला तो पासपोर्ट स्कॅन केला होता, वाचला कुणीच नव्हता. तुमच्या घरात असं काही नसणार, तुम्ही लिहिलं असतंत. तरी बायकोचा जन्मदाखला काढून बघा. त्याच निमित्ताने त्यात तिचं नाव आहे का तेही बघा. आपल्याकडच्या जुन्या नगरपालिकांच्या दाखल्यांत 'मुलीचे नाव' हा रकाना सर्रास कोरा असतो. तो भरून घ्यायला गावी कुणीतरी हेलपाटे घालावे लागतात, आणि खिडकी उघडेल तेव्हा तेवढा वेळ नसतो.

खिडकी म्हणजे काय ते जुलै २००७ मध्ये बघितलं. त्या महिन्याच्या बुलेटिनने जवळजवळ सगळ्या नोकरीच्या रांगा करंट केल्या, २ जुलैला ते मागे घेतलं. आपल्या लोकांनी गांधीगिरी केली: इमिग्रेशन खात्याचे तेव्हाचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या ऑफिसात फुलांचे गुच्छ पाठवले, शेकड्यांनी. त्यांनी ते वॉल्टर रीडच्या लष्करी दवाखान्यातल्या सैनिकांकडे पाठवून दिले. पण १७ जुलैला खात्याने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. त्या महिन्यात ज्यांच्या फायलीत दाखला, लसीकरणाची नोंद, जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं तयार होती, ते आत गेले. बाकीच्यांचं घोडं कुठल्यातरी सरकारी खिडकीवर पेंड खात राहिलं.

आता तुमच्या पत्रात जे नाहीच, आणि माझ्या मते जे सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याकडे येते. तुम्ही 'थांबणं' आणि 'जाणं' हे दोन तुकडे केलेत, जणू विमानात बसलात की २०१६ हातातून गेलं. तसं नाही. आय-१४० एकदा मंजूर झाली की नंतर कंपनीने ती मागे घेतली, कंपनी बुडाली, तुम्ही देश सोडलात, तरी प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते. फसवणूक किंवा गंभीर चूक निघाली तरच जाते. पुढे कुठल्याही कंपनीने ईबी-१, २ किंवा ३ मध्ये नवी आय-१४० मंजूर करून घेतली की तिला २०१६ चीच तारीख लागते.

याचा नीट उपयोग करा. ऑक्टोबर २०२५ ला ईबी-१ भारत फेब्रुवारी २०२२ वर होती. म्हणजे ईबी-१ ची आय-१४० मंजूर झाली तर तुमची मार्च २०१६ त्याच दिवशी करंट आहे, सहा वर्षांच्या फरकाने. ईबी-१ चे दोन रस्ते तुमच्या कामाचे. ईबी-१ए हा असामान्य कर्तृत्वाचा. त्याच्या नावाखाली सध्या बाजार मांडलाय: विकत मिळणारे पुरस्कार, पैसे भरून परीक्षकपद, कुणी वाचणार नाही अशी शोधपत्रं. अधिकारी हे प्रकार ओळखायला शिकलेत, आणि त्यात सापडलात तर डाग सगळ्या फायलीला लागतो. तुमच्याकडे खरंच पेटंट, मान्यता, क्षेत्रात नाव असेल तर टाका, नसेल तर दुधाची तहान ताकावर भागत नाही.

दुसरा रस्ता ईबी-१सी, बहुराष्ट्रीय कंपनीच्या मॅनेजरचा. अट अशी की मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष तुम्ही अमेरिकेबाहेर, त्याच कंपनीच्या शाखेत मॅनेजर म्हणून काम केलेलं हवं. म्हणजे इथे बसून हा रस्ता उघडत नाहीच. बाहेर जावंच लागतं. पुणे, हैदराबाद, बंगळुरूला बड्या कंपन्यांची ग्लोबल सेंटर्स आहेत, टोरोंटोलाही आहेत. एक वर्ष तिथे खऱ्या मॅनेजरच्या जागी राहायचं: हाताखाली पदवीधर लोक, नेमणूक-बढतीचे अधिकार, बजेट. 'टेक लीड' चालत नाही, आणि संघटनेचा तक्ता नंतर रंगवूनही चालत नाही. मग एल-१ए, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदली झालेल्या मॅनेजरच्या व्हिसावर, परत यायचं किंवा बाहेरूनच प्रक्रिया करायची. नव्या एच-१बीवर सप्टेंबर २०२५ मध्ये लावलेली एक लाख डॉलरची अट एल-१ला लागू नाही. बाहेरून नवी एच-१बी करायची झाली तर तिचा विचार आधी करावा लागेल. ती घोषणा बारा महिन्यांसाठी होती, निघण्याआधी तिची स्थिती तपासा. सगळं सुरळीत झालं तर हे अडीच-तीन वर्षांत बसतं. मुलगी तेव्हा सतराची असेल.

सुरळीत होईलच असं नाही. मधल्या काळात तुमचा वरिष्ठ बदलतो, अमेरिकेतली जागा गोठते, कंपनी म्हणते पुढच्या वर्षी बघू. माझ्याकडच्या अशा फायलींपैकी बऱ्याच पुण्यात थांबल्या. गंमत म्हणजे त्यातल्या काहींना आता परत यायचंच नाही. पण तुम्ही साताऱ्यातल्या वडिलांचं लिहिलंत, म्हणून हा रस्ता तुमच्यासाठी पहिला मांडते: एक वर्ष भारतात गेलात तर वडिलांजवळ असाल, तारीख हातात असेल, आणि रांग बदलण्याची शक्यता इथे राहून जेवढी आहे त्याहून जास्त असेल.

एनआयडब्ल्यूबद्दल. 'राष्ट्रहिता'च्या आधारावरची ही ईबी-२ चीच पोटजात आहे, रांग तीच. फायदा एवढाच की अर्ज तुमच्या नावावर असतो, कंपनीच्या नाही. आधीच एक ईबी-२ मंजूर असताना त्यावर पैसे घालायला मी तरी सांगणार नाही. गुंतवणुकीवरच्या ईबी-५ साठी किमान ८,००,००० डॉलर लागतात आणि ते बुडाले तरी झोप लागली पाहिजे. तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत.

घरात फक्त मुलगा असता तर जर्मनी मी आग्रहाने सुचवली असती. ब्लू कार्ड या तिथल्या कामाच्या परवान्याला वयाचे गुण नाहीत, बी१ पातळीची जर्मन आली तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळतं, नुसत्या ए१ वर २७ महिन्यांत. सहा वर्षांचं पोर तिथे वर्षात जर्मन बोलायला लागतं. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र तिथल्या शाळेत परक्या भाषेत भौतिकशास्त्र शिकायला बसवणं म्हणजे तिची दोन वर्षं घालवणं. इंटरनॅशनल शाळेची फी कंपनी देणार असेल तरच बोला. ब्रिटनमध्ये पगाराची किमान अट जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली आणि कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षं दहा करण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. एका अनिश्चित रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत बसायला तिकडे जाऊ नका.

परतण्याचं ठरलं तर मुलीच्या इयत्तेवर ठरवा. महाराष्ट्रात पुढे राज्याच्या कोट्यातून व्यावसायिक प्रवेश हवा असेल तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं महत्त्वाचं ठरतं. ती चौदाची आहे, म्हणजे हा निर्णयही याच वर्षातला. तिचा पासपोर्ट भारतीय, तिला अडचण नाही. मुलाचा अमेरिकन. त्याचं ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड, करून ठेवा, पण मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर प्रवेशपरीक्षांत ओसीआयवाल्यांना एनआरआयच्या जागांवरच मोजतात. एकाच घरातल्या दोन भावंडांना दोन वेगळी दारं. आणि हाच मुलगा पंधरा वर्षांनी एकवीसचा होईल, तेव्हा तुम्हा दोघांना रांगेशिवाय बोलावू शकेल. बहिणीला नाही. भावंडांची रांग तुमच्या आत्ताच्या रांगेसारखीच आहे.

पैशांत दोनच गोष्टी बघा. तुम्ही तेरा वर्षं सोशल सिक्युरिटी भरलीत, तिथल्या पेन्शनसाठी लागणारी चाळीस क्रेडिट पूर्ण झालेली असणार, स्वतःच्या खात्यात तपासा. आणि परत गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही करासाठी 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या वर्गात बसण्याची शक्यता आहे. त्यात बाहेरच्या उत्पन्नावर भारतात सहसा कर लागत नाही. ४०१(के), म्हणजे निवृत्तीचं खातं, मोडण्याची घाई नको, साडेएकोणसाठच्या आधी काढलेत तर दहा टक्के दंड आहे. चार्टर्ड अकाउंटंटला निघण्याआधी भेटा, उतरल्यावर नाही.

कागदांचं एक काम या आठवड्यात करा. आय-१४० च्या मंजुरीची प्रत तुमच्याकडे आहे का? बऱ्याच कंपन्या ती कर्मचाऱ्याला देत नाहीत. मागा. नाही दिली तर सरकारकडून माहितीच्या कायद्याखाली काढता येते, पण त्याला महिने लागतात, आणि लेऑफ झाल्यावर तुमच्याकडे साठच दिवस असतात. पुण्याच्या जुन्या कंपनीचं अनुभवपत्रही त्याच फोल्डरमध्ये घाला, कामाचं वर्णन आणि तारखांसह. ती कंपनी बंद पडली असेल तर तेव्हाच्या वरिष्ठाकडून शपथपत्र घ्या, तो माणूस सापडतोय तोवर.

राहिले वडील. स्टॅम्प ऑगस्टपर्यंत आहे म्हणता. मग मे महिन्यात जाऊन या, आणि स्टॅम्प संपायच्या आत परत या. डिसेंबर २०२५ मध्ये सोशल मीडियाच्या तपासणीसाठी भारतातल्या एच-१बीच्या मुलाखती महिनोन् महिने पुढे ढकलल्या गेल्या. दोन आठवड्यांसाठी लग्नाला गेलेली माणसं तिकडेच अडकली, काहींची पोरं इकडे शेजाऱ्यांकडे. पूर्वी मेक्सिकोत किंवा कॅनडात जाऊन स्टॅम्प घेता यायचा, सप्टेंबर २०२५ पासून तो रस्ताही बहुतेकांना बंद झालाय. जाताना मुलीला बरोबर न्या, तिचाही स्टॅम्प तपासून. आणि साताऱ्यात असताना एक दिवस काढून पुण्याच्या दोन-तीन शाळा तिला नुसत्या दाखवून आणा. तिथे वर्गात बसून बघितल्यावर ती काय म्हणते ते मला लिहा, मग आपण ईबी-१सी चा हिशेब आकड्यांत मांडू.